एका कोयत्याचं डोकं

ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता. माणसं दोन, हात चार, कोयता एक. मुकादम कारखान्याला सांगतो, माझ्याकडं चाळीस कोयते आहेत, तेव्हा फडात ऐंशी माणसं उतरतात. बायको नसलेला गडी असेल तर तो अर्धा कोयता. बाई एकटी असेल तर ती बहुतेक वेळा काहीच नसते, कुणाच्या तरी मागं मोळ्या बांधते. ही मोजणी कुणी ठरवली ते कुणालाच माहीत नाही. पण ती इतकी मुरलेली, की ऊस तोडायची यंत्रं आली, वरून ऊस मोजणारे ड्रोन आले, तरी हलली नाही. यंत्र ओल्या रानात रुततं, लहान तुकड्यात वळत नाही. कोयता कुठंही वळतो, आणि रुतला तर कुणाचं काही जात नाही.

मग एका हंगामात कृष्णाकाठच्या त्या कारखान्यानं पट्ट्या आणल्या.

कपाळाला बांधायची रबरी पट्टी, आतल्या बाजूला तांब्याच्या टिकल्या, मागं काडीपेटीएवढी बॅटरी. टोळीतली दैवशाला म्हणाली, "लग्नात एकदा बांधलं ते पुरलं न्हाई म्हून आता हंगामाला बाशिंग." तेव्हापासून कोप्यांवर, तोडकऱ्यांच्या त्या झोपड्यांत, पट्टीला बाशिंगच म्हणायला लागले.

पट्टीतलं शास्त्र खोटं नव्हतं. हे आधी सांगतो, कारण पुढं जे झालं त्याचं खापर शास्त्रावर फोडून मोकळं व्हायची आपल्याकडं फार घाई असते. माणूस थकतो तेव्हा त्याच्या हातापायांतली ताकद संपलेली नसते. ती संपायच्या बरीच आधी मेंदूतला पेशींचा एक पुंजका 'पुरे, पुरे' म्हणायला लागतो. अंग मोडू नये म्हणून निसर्गानं बसवलेला तो राखणदार. कवटीवरून अगदी हलकी वीज सोडली, तर त्या राखणदाराचा आवाज थोडा खाली आणता येतो. पण किती वीज आणि कुठून, हा सगळा खेळ. मेंदू म्हणजे नांगरलेल्या रानासारखा घड्याघड्यांचा, आणि प्रत्येकाची नांगरट वेगळी. विजेच्या वाटेत पेशी उभी पडली तर ती एका टोकाला चेतते, उलटी पडली तर दबते, आडवी पडली तर तिला पत्ताच लागत नाही. कुणाची कवटी जाड, कुणाची कानशिलापाशी पातळ. म्हणून आधी डोक्याचं चित्र घ्यायचं, त्याचे बारीक बारीक तुकडे करून संगणकात तसंच्या तसं डोकं उभं करायचं, त्यात फांद्याफांद्यांच्या पेशी बसवायच्या, त्यांच्या कातडीतली मिठाचे कण आत-बाहेर सोडणारी दारं बसवायची, आणि मग गणितानं विचारायचं: एवढी वीज दिली तर कुठली पेशी काय करेल? याला म्हणायचं प्रतिकृती. ज्याचं डोकं, त्याची प्रतिकृती. ज्याची प्रतिकृती, त्याची वीज. इतकं साधं.

साधं होतं म्हणूनच कुणी समजून घेतलं नाही.

कंपनीनं पुण्याहून विचारलं, किती युनिट? कारखान्यानं कोयत्यांचा आकडा कळवला. कंपनीनं तेवढ्या प्रतिकृती मंजूर केल्या. कारखान्यानं खाली आणखी एक ओळ जोडली होती, 'प्रत्येक युनिटला पट्ट्या दोन.' कंपनीला वाटलं, युनिट म्हणजे एक माणूस, दुसरी पट्टी जादाची असेल. कुणीही खोटं बोललेलं नव्हतं. आपल्याकडं मोठाली पापं अशीच होतात, सगळ्यांनी खरं बोलून.

बॉयलर पेटायच्या आधी गेस्टहाऊसच्या हॉलमध्ये डोक्याचं चित्र घेणारं ड्रमसारखं यंत्र मांडलं. टोळीतला अंगद आत जाऊन डोकं मोजून आला. कंपनीची केतकी नावाची पोरगी स्क्रीनसमोर होती. अंगदच्या मागं उभ्या असलेल्या शिवकन्येकडं तिनं बोट केलं.

"आणि यांचं?"

"ती अंगदची मालकीण," सुदाम मुकादम म्हणाला.

"हो, पण यांचं स्कॅन?"

"झालं की आत्ता. एकच कोयता हाय त्यो, मॅडम."

केतकी घुटमळली. बाहेर जाऊन कंपनीच्या साहेबाला फोन लावून आली. साहेब म्हणाला असेल, गिऱ्हाइकानं मागितलंय तेवढं दे. ती आली आणि तिनं अंगदचेच आकडे दोन पट्ट्यांत भरले.

"माझं बी घाला की डोकं त्या ड्रमात," शिवकन्या म्हणाली.

"तुझ्या डोक्यात मोजण्यासारखं काय हाय?" मुकादम म्हणाला. सगळे हसले. तीही हसली.

---

अंगदची पट्टी सांगितल्याप्रमाणं चालायची. दुपारच्याला कंबर भरून यायची, पण रोजच्यापेक्षा उशिरा. तो बांधावर टेकायचा, पाणी प्यायचा, परत सरीला लागायचा.

शिवकन्येचं निराळं झालं. घरात सतत किरकिरणारं लेकरू कुणीतरी उचलून शेजारी न्यावं, तशी अंगात एकदम शांतता झाली. आधी तिला बरं वाटलं. लग्नानंतर पहिल्यांदा अंग तिच्याशी भांडत नव्हतं. ती मोळ्या बांधायची, चुंबळ ठेवून डोक्यावर घ्यायची, फळीवरून ट्रॉलीत चढायची, उतरायची, परत. अंगदनं तोडलेला ऊस संपला की कोयता घेऊन स्वतः तोडायला लागायची. कोपीवर येऊन भाकऱ्या, धुणं, भांडी. सकाळी सगळ्यांच्या आधी फडात.

"अंगद्या," मुकादम म्हणाला, "तुझा कोयता लई चालायलाय यंदा."

अंगदला बरं वाटलं. कुणाला वाटणार नाही? बाकीचे गडी म्हणाले, "आमच्या बी कोयत्याला जरा तुझ्या दगडावर धार लाव की." तोही हसायचा. कोयत्याला धार कुठून आली, ते त्यानं विचारलं नाही. माणूस फायद्याला कारण विचारत नाही, तोट्याला विचारतो.

तिच्या पायात उसाचा खुंट घुसला होता. तिला कळलं ते चपला काढल्यावर, रक्त वाळून टाच चपलेला चिकटली होती तेव्हा. गुडघे सुजले. गळ्याची हाडं वर आली. तरी तिनं कुणाला काही सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं काही दुखतच नव्हतं.

कळलं ते वेणी घालताना. लेक आरोही पुढ्यात बसलेली, शिवकन्या तिचे केस विंचरत होती. विंचरत होती. विंचरत राहिली.

"माय, बास की," पोरगी म्हणाली. आणि मग रडायलाच लागली.

शिवकन्येनं पाहिलं. भांगाच्या जागी कातडी लालभडक झाली होती, एका ठिकाणी सोललेली. फणी अजून हातात होती, आणि हाताला थांबावंसं वाटत नव्हतं. तिनं फणी दूर फेकली.

रविवारी फड बंद होता. तिनं पट्टी दिवसभर काढून ठेवली. काही फरक पडला नाही. ताटात भाकरी संपली की ती दुसरी घ्यायची, मग तिसरी. किंवा ताट वाढलंच नाही तर आठवण यायची नाही. शेवटी आरोहीनं आपणहून एक पद्धत बसवली. ती माय जेवायला बसली की समोर बसायची आणि म्हणायची, "माय, झालं तुझं," आणि ताट उचलायची.

"आवो," शिवकन्या नवऱ्याला म्हणाली, "मला बास कळंना झालंय."

"म्हंजी?"

"काम करताना, खाताना. कवा थांबायचं त्ये आतनं येतंय ना, त्ये येईना."

अंगदनं तिच्याकडं नीट पाहिलं. खूप दिवसांनी पाहिलं असावं. "हंगाम होऊ दी," तो म्हणाला. "मंग दाखवू डागदरला. पट्टी काढली तर खाडा मांडून पैसं कापत्यात, तुला म्हाईत हाय."

---

ती हंगाम होईपर्यंत थांबली नाही. थांबणं हेच तर तिच्याजवळ उरलं नव्हतं.

बाईच्या जातीला दोन प्रकारचं पुरे असतं. एक आतून येतं. दुसरं समोरच्याच्या डोळ्यांतून येतं. ती दोन वाक्यं बोलते, समोरच्याची भुवई हलते, तिसरं वाक्य ती गिळते. हे शिकवायला शाळा लागत नाही. शिवकन्याही तशीच गिळून वाढली होती. पण या विजेनं आतला राखणदार दाबला, तेव्हा त्याच्या शेजारचा तो दुसराही गप्प झाला. याचा अंदाज कुठल्याच शहाण्यानं केला नव्हता. त्यांना बाई दमायला नको होती. ती बोलायलाही दमणार नाही, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

ती कारखान्याच्या शेतकी खात्याच्या गट ऑफिसात गेली.

"सायेब, माझं डोकं मोजा."

"तुमच्या कोयत्याचं मोजलंय, बाई."

"कोयत्याला डोकं नसतंय, सायेब. मला हाय."

शेतकी साहेब हसले. "बरं, कळवतो वर."

"कवा?"

"कळवतो म्हटलं ना."

"त्येच इचारायले. कवा?"

साहेबांनी भुवई वर केली. तिनं ती पाहिली आणि पुढचं विचारलं. फडावर पाण्याचा टँकर कामून येत नाही? बाया आडोशाला कुठं जातात, कधी पाहिलंय का? पाळी आलेल्या बाईचा खाडा कोण मांडतं, आणि त्याची घरची बाई कधी पाळीला बसते की नाही? साहेबांनी चहा मागवला. चहा पिऊन झाला. ते मोटारीत बसून जेवायला गेले, परत आले. ती तिथंच, तसाच आवाज, न चढता न उतरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी तिच्या मागं दैवशाला आणि आणखी चार-पाच बाया येऊन दारात उभ्या राहिल्या. त्या बोलल्या नाहीत. पण उभ्या होत्या.

मुकादमानं अंगदला गाठलं. "बायकू आवर. येडी झाली ती."

अंगद ऑफिसात आला आणि सगळ्यांसमोर तिचा दंड धरला. "बास कर आता."

"आन् त्ये कुठनं आणू?" ती म्हणाली. "त्येच तर मागायले इथं."

त्यानं दंड सोडला. त्याच्या पाठीमागून, दारातल्या बायांतून, दैवशाला म्हणाली, "दाजी, तिला धरायच्या आधी तिचं मोजून घ्या."

---

शेवटी साहेबांनी कंपनीला कळवलं, आणि केतकी परत आली. यावेळी ड्रमात शिवकन्येचं डोकं गेलं. गणित व्हायला सकाळ गेली, आणि दुपारी केतकीनं नवरा-बायको दोघांना स्क्रीनसमोर बसवलं. एका बाजूला अंगदचा मेंदू, दुसऱ्या बाजूला तिचा. सारखीच वीज सोडली. अंगदच्या चित्रात एक डाग फिकट झाला. तिच्या चित्रात तोच डाग पुरता काळा पडला, आणि काळोख आजूबाजूला पसरला.

"यांची कवटी इथं पातळ आहे," केतकी म्हणाली. "वीज जास्त आत जाते. आणि ही घडी बघा, अंगदभाऊंची अशी आहे, यांची उलट वळलेली. अंगदभाऊंच्या पेशींचा आवाज नुसता कमी होतो, तिथं यांच्या पेशी पूर्ण गप्प होतात. रोज, महिनोन् महिने गप्प ठेवल्यावर त्यांचे एकमेकींशी असलेले धागे सुटत जातात. वापरात नसलेली पायवाट गवताखाली जाते, तसं."

"परत येतंय का?" शिवकन्येनं विचारलं.

"उलट्या दिशेनं वीज द्यावी लागेल. तुमच्या स्वतःच्या प्रतिकृतीवरून मोजून. पुण्याला राहावं लागेल काही महिने. बहुतेक येईल परत." मग ती खाली बघून म्हणाली, "मी तेव्हाच नीट विचारायला हवं होतं."

"इचारलं व्हतं तुमी. त्येंनी सांगितलं बी. आन् म्या हसले."

शेतकी साहेब एव्हाना स्क्रीनच्या अगदी जवळ आले होते. त्यांच्या हातात हंगामाचा टनांचा तक्ता होता, आणि त्यात अंगदचा कोयता सगळ्यांत वर होता, दुसऱ्या नंबरच्या कोयत्याच्या दीडपट.

"मॅडम," ते म्हणाले, "समजा नेमकं याच पेशींवर वीज पाडली. पण धागे सुटायच्या आत थांबवली. तर?"

"म्हणजे?"

"शास्त्रीय प्रश्न विचारतोय."

केतकीनं खरं ते सांगितलं. शास्त्रीय प्रश्नाला खरं उत्तर द्यायचं, असं तिला शिकवलेलं होतं. म्हणाली, तर नुकसान बरंच कमी होईल.

शिवकन्येला डोक्याला वायरी लावायला शेजारच्या खोलीत नेलं, तेव्हा साहेबांनी अंगदपुढं कागद ठेवला. उपचार फुकट, पुण्यात राहायची सोय, पोरीची शाळेची सोय. बदल्यात तिच्या प्रतिकृतीवर कंपनीचा आणि कारखान्याचा हक्क. अंगद दहावी शिकलेला होता. त्यानं सगळं वाचलं.

"तिला इचारावं लागंल," तो म्हणाला.

"कोयता कुणाच्या नावावर आहे?"

"माझ्या."

"मग?"

त्याला ती परत हवी होती, हे खरंच आहे. ताट उचलून नेणारी पोरगी त्याला बघवत नव्हती. त्यानं सही केली. प्रेमापोटी केलेली सही आणि लाचारीनं केलेली सही, कागदावर दोन्ही सारख्याच दिसतात.

---

पुण्याच्या दवाखान्यात रोज सकाळी उलटी वीज. पाऊस आला, गणपती गेले. एके दुपारी आरोही ताट उचलायला सवयीनं पुढं वाकली, तेव्हा शिवकन्येनं स्वतःच ताट सरकवलं. "बास," ती म्हणाली. मग तिनं पोरीकडं पाहिलं, आणि पोरीनं हात मागं घेतले.

त्यानंतर थकवा आला. एका हंगामाचा सगळा, एकदम. गुडघे, टाच, पाठ, सगळे आपापली तक्रार घेऊन रांगेत उभे राहिले. ती दिवसचे दिवस झोपली. जागी झाली की रडायची, आणि रडून झालं की थांबायची. थांबता येत होतं.

---

पुढच्या हंगामाला कारखान्यावर मांडव घातला होता. मोठा फलक: 'तिचं डोकं, तिचा हक्क.' हॉलमध्ये आता दोन ड्रम होते, आणि दुसऱ्यापुढं फक्त बायांची रांग. शेतकी साहेबांनी भाषण केलं, की आमच्या कारखान्यानं पहिल्यांदा स्त्रीला स्वतंत्र मोजलं. टाळ्या पडल्या. दैवशालानं शिवकन्येच्या कपाळाला कुंकू लावलं.

"तुझ्यामुळं झालं गं हे."

केतकी नव्हती. कुणी म्हणालं, नोकरी सोडली. तिच्या जागी एक नवा पोरगा होता, उत्साही, गोड बोलणारा. शिवकन्येनं त्याला विचारलं, बायांची वीज कशावरून ठरवता?

"प्रत्येकीच्या स्वतःच्या डोक्यावरून," तो अभिमानानं म्हणाला. "कुणाची कुणाला नाही. फक्त कुठल्या पेशी गाठायच्या, ते एका जुन्या केसवरून कळलंय. त्या बाईचा रिझल्ट जबरदस्त होता. ते डोकं समोर ठेवायचं आणि प्रत्येकीत तेच आणायचं. आणि शेजारचा तो बोलण्याचा भाग वगळलाय आता. तिथं आधी त्रास झाला होता."

ती मांडवाबाहेर आली. अंगद ट्रॅक्टरपाशी उभा होता.

"माझं डोकं कुणी दिलं ह्येंना?"

त्यानं लपवलं नाही. "म्या सही केली. तू बरी व्हावीस म्हून."

"मला इचारलं न्हाई."

"तव्हा तू..." तो थांबला.

"तव्हा म्या न्हाई म्हणाले असते. आन् म्हणतच ऱ्हायले असते. म्हून इचारलं न्हाई तुमी."

ती रांगेकडं गेली. पहिल्या बाईला म्हणाली, बांधू नका गं हे. ती बाई म्हणाली, तुझं झालं, आता आमचं होऊ दे. दुसरीला म्हणाली. तिनं ऐकून घेतलं आणि रांगेत पुढं सरकली. तिसऱ्या बाईला सांगायला लागली, तेव्हा त्या बाईची भुवई हलली. शिवकन्येनं ती पाहिली. घशापर्यंत आलेलं वाक्य तिथंच अडलं. तिनं जोर लावला, पण आलं नाही. दवाखान्यानं तिला अगदी पूर्ण बरं केलं होतं.

---

दवाखान्याच्या दाखल्यामुळं तिला पट्टी माफ होती. ती पट्टीशिवाय फडात उतरली. अंगद पुढं तोडत होता, ती मागं मोळ्या बांधत होती. ऊन वर आलं तशी कंबर बोलायला लागली, गुडघा बोलायला लागला. तिनं मोळी खाली ठेवली आणि सरीत बसली. दोन्ही बाजूंच्या सऱ्यांतून बाया जात होत्या, डोक्यावर मोळ्या, कपाळाला बाशिंगं, बोलणं नाही, चिडचिड नाही, फक्त उसाच्या वाळल्या पाचटावर पावलांचा आवाज. फळीवर चढायच्या, उतरायच्या, परत. तिच्याच डोक्यानं चालणाऱ्या त्या बाया तिला मागं टाकून पुढं जात होत्या. एकीच्या टाचेतून रक्त येत होतं. शिवकन्येनं तिला हाक मारली. ती हसली आणि गेली.

दैवशाला मोळी घेऊन जवळून चालली होती, ती थांबली.

"बसलीस कामून?"

"दमले गं."

दैवशालानं तिच्याकडं पाहिलं. तिला शब्द ओळखीचा वाटत होता, पण नेमका कसला ते आठवत नव्हतं. ती थोडा वेळ तशीच, डोक्यावर मोळी घेऊन, आठवत उभी राहिली.

मग म्हणाली, "ऊठ, ट्रॉली भरायचीय," आणि फळीकडं निघाली.